काजळी पुसलेले चेहरे

वैशाखातल्या उतरत्या उन्हात छगनभाई कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडाखालून एक हात बाहेर काढून हवेत स्थिर धरीत, तेव्हा समोरच्यांचा श्वासही त्या हाताच्या आज्ञेत थांबून राही. डहाणू स्टेशनजवळच्या त्यांच्या स्टुडिओत रसायनांचा आंबूस गंध आणि तांबड्या दिव्याचा मंद प्रकाश असे. त्या प्रकाशात त्यांचे मुळातले सौम्य मुख अधिकच क्षमाशील भासे.

एका दुपारी किनाऱ्यावरची कोळ्यांची वस्ती पेटली आणि वाऱ्याने ती भुईसपाट केली. मदतीच्या अर्जाला जळिताची छायाचित्रे जोडा, असे सरकारी कचेरीने कळवले. वस्तीने तोवर कॅमेरा पाहिला नव्हता. छायाचित्र म्हणजे लग्नासारखा प्रसंग, अशी सर्वांची समजूत. शेजारच्या गावातून उसनी लुगडी आली, उसन्या माळा आल्या. छगनभाईंनी साऱ्यांना राखेपासून दूर, सुरूंच्या सावलीत उभे केले, कारण तिथला उजेड चांगला होता. सुकट विकणाऱ्या हिराबाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, तोंडावरची काजळी तेवढी येऊ देऊ नका. सासरची माणसं बघतील."

कॅमेऱ्यातल्या काचेवर काळ्या-पांढऱ्याचे सारे उलटे उमटते: काजळीच्या जागी काच स्वच्छ राहते, आणि तिथे शिसपेन्सिल हलकेच फिरवली की कागदावर चेहरा उजळतो. छगनभाईंनी एकेक गाल असा ममतेने उजळला.

कचेरीतल्या साहेबांनी चित्रे पाहून विचारले, "यांचं जळलंय तरी काय?"

अर्ज परत आला. वस्तीने पावसाळा फाटक्या शिडांखाली काढला. छगनभाईंनी राजवाडा रंगवलेला आपला स्टुडिओतला पडदा आणून हिराबाईंच्या खोपटावर पसरला, तेव्हा राणीसाहेबांना मुजरा करा रे, असे म्हणत बाया हसल्या, हिराबाईही हसल्या. छगनभाई खाली पाहत राहिले.

"बेन, मी काजळी नाय, तुमचा पुरावा पुसला."

"मीच सांगितलं होतं ना, भाऊ."

"तुम्ही सांगितलं. पण फोटो कुठे जाणार, ते मला ठाऊक होतं."

पुढे कुडाची घरे पुन्हा उभी राहिली. हिराबाईंनी सुरूंखालचे आपले ते छायाचित्र कौतुकाने भिंतीवर लावले. छगनभाई आले की ओटीवरच, घराकडे पाठ करून बसत. आता ते नाहीत. आजी कोणाच्या लग्नात इतकी नटली होती, असे नातवंडे विचारतात. काळ माणसांना नेतो आणि त्यांनी उजळलेले चेहरे मागे ठेवतो. त्या उजेडाखाली काय जळाले होते, हे सांगणारा एकेक आवाज मात्र कमी होत जातो.