सलग तीस दिवस

नदीखोरे प्राधिकरणाच्या साहेबांशी मी नीट बोलले नाही, असं आमच्या गावच्या नदी समितीतल्या दोघांचं म्हणणं आहे. बरोबर आहे त्यांचं. नीट बोलायचं ठरवूनच गेले होते. पण साहेबांनी बैठकीच्या सुरुवातीलाच ‘लोकसहभाग’ छापलेल्या वह्या वाटल्या आणि माझं डोकं तिथूनच फिरायला लागलं.

आमची मागणी साधी होती. नदीच्या वरच्या अंगाला फळबागांचे सहा मोठे पंप आहेत. पुलाच्या खांबावर मोजपट्टी आहे, तिच्यावर चाळीसच्या आकड्याला लाल रेघ आहे. पाणी या रेघेखाली सलग तीस दिवस राहिलं की पंप बंद करायचे, हा नियम प्राधिकरणाचाच. मोजायचं मात्र आम्ही. नदी तुमची, निगराणी तुमची, असं गोड बोलून त्यांनीच नोंदवही आमच्या गळ्यात मारली. सहा वर्षं झाली, मी रोज सकाळी सात वाजता तो आकडा लिहिते आणि मग औषधांच्या दुकानात कामाला जाते. दुकानात आकडा चुकला तर माणूस दगावतो, त्यामुळे आकड्यांच्या बाबतीत मी जरा खाष्टच आहे.

यंदा चौतीस दिवस पाणी रेघेखाली होतं. पुलापलीकडच्या डोहात आम्ही दोन वर्षं मासेमारी बंद ठेवली होती, कुणी हुकूम न करता, आपण होऊन. तो ठराव मांडला आमच्या शेजारच्या मावशींनी. त्या जाळी विणून विकतात, म्हणजे स्वतःच्याच पोटावर पाय आणून मांडला. दोन वर्षांत डोह माशांनी भरला आणि आता त्याचं डबकं झालं होतं. मासे तोंड वर काढून तडफडत होते. आठवड्यात पाणी आलं नसतं तर सगळे मेले असते.

साहेबांनी माझी वही उघडली, चष्मा पुसला. “ताई, सतरावा, अठरावा आणि एकोणिसावा दिवस. या तीन दिवसांचे आकडे आहेत बासष्ट, एकसष्ट, एकसष्ट. साखळी इथे तुटली. त्यानंतरचे सलग दिवस पंधराच भरतात. अजून पंधरा दिवस भरू द्या, मग बघू.”

माझा विश्वास बसेना. मग आठवलं. ते तीन दिवस मी तापानं फणफणले होते आणि आकडे बाबांनी लिहिले होते; बदली निरीक्षक म्हणून यादीत त्यांचं नाव होतं. बरी झाले तेव्हा ते पान संपलं होतं. मी नवं पान उलटलं आणि विसावा दिवस लिहिला.

बाबा माझ्या शेजारच्याच खुर्चीवर होते, इस्त्रीचा सदरा घालून. चाळीस वर्षं त्यांनी या नदीवर नाव चालवली आणि एकदाही ती गाळात रुतवली नाही.

“बाबा, कुठे मोजलंत पाणी?” मी हळूच विचारलं.

“धारेत. काठी टेकवून, फूटपट्टीनं.”

“खांबावरची पट्टी नाही बघितलीत?”

“खांबापाशी कसलं आलंय पाणी? तिथून नाव जाते का कधी?” ते म्हणाले, आणि आजूबाजूच्या तोंडांकडे पाहू लागले.

मोजलं होतं अचूक. जागा तेवढी भलतीच. आणि हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. अंथरुणातून वही पुढे केली आणि म्हटलं, तुम्हाला काय सांगायचं, बाबा! त्यांना पाणी मोजायला शिकवायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

मी साहेबांना सगळं समजावलं. “ही खिडकी उघडा. नदी समोर दिसतेय. पावसाचा थेंब नसताना ती एका दिवसात वीतभर चढली आणि चौथ्या दिवशी तेवढीच उतरली, असं होतं का कधी?”

“मला व्यक्तिशः पटतंय, ताई. पण नोंद ती नोंद.”

व्यक्तिशः! तळपायाची आग मस्तकात गेली. “मग तुम्ही व्यक्तिशः घरी जा आणि ज्याला पटल्यावर सही करता येते असा माणूस पाठवा,” मी म्हटलं. नीट न बोलणं म्हणतात ते हेच.

साहेब चिडले नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला. त्यांनी पिशवीतून एक फॉर्म काढला. निरीक्षकानं स्वतः लिहून दिलं की आपण मोजणीला असमर्थ आहोत, तर त्याच्या नोंदी बाद होतात. बाद दिवस धरायचेच नाहीत. मग सोळा आणि पंधरा जोडून एकतीस होतात.

“काकांचं नाव निरीक्षकांच्या यादीतून कायमचं जाईल,” साहेब म्हणाले. “बाकी काही नाही.”

बाकी काही नाही. त्या फॉर्मवर कारणाचे दोनच चौकोन होते. एक, दृष्टी अधू आहे. दोन, पाणी मोजण्याचं ज्ञान नाही. जागा चुकली, असा चौकोन नव्हता. मी विचारलं, तर म्हणाले, छापलेल्या फॉर्ममध्ये भर घालता येत नाही.

मावशी खाली मान घालून बसल्या होत्या. एकदाच म्हणाल्या, “राहू दे गं. मासे काय, पुन्हा होतील.” होणार नव्हते, आणि त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

मी पेन घेतलं आणि पहिल्या चौकोनात खूण केली. म्हाताऱ्या माणसाची नजर जाते, त्यात कमीपणा नाही. कागद बाबांपुढे सरकवला. त्यांनी तो हातात घेतला आणि चष्म्याशिवाय, एकेक शब्द, सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला.

“हे खोटं आहे,” ते म्हणाले. “खोट्यावर मी सही करत नाही. दुसरा कागद द्या.”

“बाबा, दुसरं कारणही खोटंच आहे.”

“ते मी ठरवीन. तू खूण कर.”

माझा हात चालेना. मग त्यांनीच माझ्या हातातून पेन घेतलं, खूण केली आणि सही केली. साहेबांनी कागद फुंकून वाळवला, फाइलला लावला आणि म्हणाले, “बघा, लोकांच्या सहकार्यानं सगळं सुटतं.” मी उठून बाहेर गेले, नाहीतर हात उचलला असता.

तिसऱ्या दिवशी पंप थांबले. पाणी आलं, डोहात शिरलं, मासे वाचले. लोकांनी मला येऊन शाबासकी दिली. एकानंही बाबांचं नाव काढलं नाही, लाजेनं असेल. मला त्या प्रत्येकाचा राग आला, आणि आरशात दिसते तिचा सगळ्यांत जास्त.

रविवारी सकाळी मावशी दारात आल्या. पलीकडच्या काठाला जाळी पोचवायची होती आणि पुलावरून लांबचा वळसा पडतो. बाबा ओट्यावर बसले होते, म्हणून त्यांनी सवयीनं त्यांनाच विचारलं, “उतारावरून पाण्यातून चालत जाता येईल का हो आज? पाणी कितीसं असेल?”

बाबांनी नदीकडे पाहिलंसुद्धा नाही.

“तिला विचारा,” ते म्हणाले. “मला कळत नाही, असं लिहून दिलंय मी.”