विश्राम कासार दुकान वाढवतो

अठराशे ऐंशीच्या सुमारास ठाण्याच्या विश्राम कासाराने आपलं बांगड्यांचं दुकान कायमचं बंद करायचं ठरवलं, पण 'बंद' हा शब्द काही त्याच्या तोंडून निघेना. कासाराच्या घरात अभद्र बोलायची चोरी. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. धंदा बुडाला तरी वाढच व्हायची, ही आपल्या भाषेची मेहेरबानी!

धंदा बुडवला होता बिलोरी काचेने. बायका सकाळी आगगाडीत बसायच्या, मुंबईहून झगझगीत बिलोरी बांगड्या आणायच्या आणि विश्रामच्या जाड देशी काकणांकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. "काच आहे की साबणाचा फुगा?" म्हणून तो लालबुंद व्हायचा. आता मेहुण्याच्या ओळखीने गिरणीत लागायचं, असं नवराबायकोचं ठरलं होतं. पण आजोबांनी ज्या गादीवर बसून गावाचे हात भरले ती त्याला सोडवत नव्हती.

त्या सकाळी टेरेन्स आला. हा स्टेशनात तिकिटं द्यायचा. लहानपणापासून वांद्र्याला पाद्र्यांकडे शिकून नुकताच परतलेला, त्यामुळे त्याच्या मराठीला जरा गंज चढला होता.

"काका, आमच्या बहिणीचं, लुसीचं लगीन ठरलंय. चुडा तुमच्याकडेच भरायचा."

विश्रामने गादीवरची धूळ झटकली. "उद्याच आण रे तिला. परवा दुकान वाढवतोय. कायमचं."

"वाढवताय? अरे वा, काका!" टेरेन्सने त्याचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले आणि तो नाचतच स्टेशनाकडे पळाला. दुसऱ्याच्या वाटोळ्यावर इतका खूश होणारा माणूस विश्रामने जन्मात पाहिला नव्हता.

टेरेन्सने दिवसभर प्रत्येक तिकिटाबरोबर बातमी दिली, "विश्राम कासार दुकान मोठं करतोय!"

दुसऱ्या दिवशी दुकानापुढे ही झुंबड! कोलशेतच्या कोळणी, पेठेतल्या वहिन्या आणि मधोमध टेरेन्सबरोबर आलेली, लाजणारी नवरी लुसी. मोठं दुकान म्हणजे बिलोरी असणारच, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. बिलोरी नाही म्हटल्यावर शेजारच्या विमलाबाईंनी पदराआडून पुडी काढली.

"ही मुंबईची. तिथला मेला दुकानदार हातसुद्धा बघत नाही. घरी चढवायला गेले तर निम्म्या वाढल्या. तुम्हीच चढवा, विश्रामभाऊ."

मग भराभर पुड्या निघाल्या. घरोघर बिलोरी पडून होती आणि चढवणारं कोणी नव्हतं! विश्रामने नाक मुरडतच विमलाबाईंचा हात घेतला, अंगठ्याचं मूळ दाबलं, दोन थट्टेचे शब्द बोलला आणि बांगडी सुळकन मनगटावर. उन्हात ती काच अशी चमकली की तो तिच्यावर तिथल्या तिथे भाळला. पुढचा हात, त्याच्या पुढचा हात! दुकानात नुसता किणकिणाट आणि हशा.

एवढ्यात एक बांगडी तडकली. "वाढली गं बाई!" विश्रामची बायको मालन म्हणाली.

टेरेन्स गुडघ्यांवर बसून जमीन चाचपू लागला. "कुठे वाढली? एक कमीच झाली की!"

बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. "फुटली म्हणायचं नसतं रे," लुसी हसतच म्हणाली. टेरेन्सचा चेहरा उतरला. "मग काका... दुकान वाढवतोय म्हणजे?"

विश्रामने वर पाहिलं. पुढे केलेले हात पार रस्त्यापर्यंत होते.

"म्हणजे तू समजलास तेच!" तो ठणकावून म्हणाला. "आणि मुंबईची बिलोरी गाडीने मागवायचं तू बघायचंस. मापं मी सांगतो. हं, पुढचा हात कोणाचा?"

संध्याकाळी दमलेल्या मालनने सवयीने दाराच्या फळ्या उचलल्या. "अहो, वाढवायचं ना आता दुकान?"

विश्रामने कोपऱ्यातली पहार घेतली आणि दुकान आणि माजघर यांमधल्या कुडावर दणका घातला.

"अगं बाई, हे काय?"

"तूच म्हणालीस ना, वाढवायचं!" असं म्हणून त्याने दुसरा दणका घातला.