झडपेत मावेल एवढा

बांधकामावर सगळे त्याला बगळा म्हणत. उंच क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये बसून, मान वाकवून तो खालचा माल नेमका टिपायचा, म्हणून हे नाव. नाव पडलं तेव्हा तो होताही तसाच, लांब पायांचा आणि काटकुळा. आता नव्याने कामाला लागलेली माणसं हे नाव ऐकून आधी त्याच्या पोटाकडे आणि मग एकमेकांकडे बघत. त्याला त्याचं फारसं काही वाटत नसे. चेष्टा खाली जमिनीवर राहायची, तो वर निघून जायचा.

वर जायला मात्र शिडी होती. क्रेनच्या खांबाच्या आतून ती सरळ उभी चढायची. मध्ये मध्ये टेकायला जाळीचे कट्टे होते आणि प्रत्येक कट्ट्याला माणूस जेमतेम निघेल एवढी झडप होती. एका सकाळी अर्ध्या वाटेवर अशाच एका झडपेत तो अडकला. छाती वरच्या कट्ट्यावर, पाय खालच्या पायरीवर आणि मधलं शरीर बाटलीच्या तोंडात बसलेल्या बुचासारखं. वर जाता येईना, खाली उतरता येईना. दम असा लागला की कानात भाता चालल्यासारखा आवाज येऊ लागला.

तेवढ्यात खांद्यावरच्या वॉकीटॉकीतून भोंगा बोलला. भोंगा म्हणजे खाली माल बांधून त्याला इशारे देणारा माणूस. दोघांची जोडी जुनी, आणि भोंग्याचा घसा असा की वॉकीटॉकी नसती तरी चाललं असतं. पण त्या दिवशी तो हळू बोलला. श्वास सोड, पोट आत घे, कमरेचा पट्टा फिरवून मागे ने, आता डावा खांदा खाली, असं एकेक सांगत त्याने बगळ्याला सोडवलं. केबिनमध्ये पोचल्यावर बगळा बराच वेळ नुसता बसून राहिला. 

दुपारी सुरक्षा अधिकारी मॅडमनी बोलावून घेतलं. बाई फटकळ नव्हत्या, आणि त्यामुळेच त्याला जास्त भीती वाटली. त्यांनी आधी पाणी दिलं, बसायला सांगितलं.

"तुम्हाला वर चक्कर आली तर खाली कसं आणायचं, हे तुम्हीच मला सांगा," त्या म्हणाल्या. "दोन माणसं स्ट्रेचर घेऊन चढतील. स्ट्रेचर झडपेतून जातं, मी स्वतः बघितलंय. तुम्ही जाणार नाही."

ठरलं असं की तीन महिन्यांनी डॉक्टर तपासतील. तोवर वजन उतरलं तर ठीक, नाहीतर क्रेन दुसऱ्याच्या हातात आणि बगळा गोदामात. डॉक्टरांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, तपासलं आणि शेवटी सांगितलं की बाहेरचं बंद करा, घरचं साधं खा.

हसावं की रडावं, ते त्याला कळेना. बाहेरचं तो खातच नव्हता. जे काही झालं होतं ते घरच्याच खाण्याने झालं होतं.

घरी दोघंच, तो आणि बाबा. बाबा उभं आयुष्य मालवाहू बोटींवर आचारी होते. वर्षातले थोडेच दिवस घरी यायचे, आणि आले की आईच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाहीत. म्हणायचे, हे तुझं जहाज, इथे मी प्रवासी. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत आई गेली. त्यानंतर बाबा खुर्ची भिंतीकडे वळवून बसले. दिवसचे दिवस तसेच. हाक मारली तर हं म्हणायचे, पुढे ठेवलं तर दोन घास खायचे. म्हातारा आता काही भिंतीकडचं तोंड वळवत नाही, असं बगळ्याने मनाशी धरलं होतं. आणि मग एका संध्याकाळी तो कामावरून आला तर जिन्यातच कांदा परतल्याचा वास. बाबा ओट्यापुढे उभे, कमरेला आईचा टॉवेल खोचलेला. त्या रात्री बगळा पोट फुटेस्तोवर जेवला, आणि जेवताना त्याचे डोळे भरून येत होते.

तिथून हे सुरू झालं. बोटीवरच्या वीस-पंचवीस आडदांड माणसांना पोसलेला हात, तो दोघांपुरतं करायला शिकलाच नाही. लोण्यात परतलेले बटाटे, चरबी सोडलेलं मटण, तळलेले मासे, वरून साखरेत घोळवलेला पाव. बाबा समोर बसायचे आणि ताटाकडे बघायचे. ताट चाटून पुसून झालं की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं त्यापायी बगळा आणखी एक वाढणी घ्यायचा. डबा तर असा भरायचा की झाकण लावताना बाबांना त्यावर कोपर टेकावं लागे.

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. खाल्लं तर क्रेन जाते. नाही म्हटलं तर बाबा पुन्हा भिंतीकडे जातात. मॅडमना हे सांगता येत नव्हतं, आणि बाबांना ते सांगता येत नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

त्याने चोरून प्रयत्न केले, नाही असं नाही. साधं कसं शिजवावं याचे व्हिडिओ केबिनमध्ये बसून बघितले. त्यात एक हसऱ्या चेहऱ्याचा माणूस पांढऱ्याशुभ्र ओट्यावर भाज्या चिरत म्हणायचा की मनावर घेतलं की सगळं जमतं. बगळ्याने मनावर घेतलं. वाफेवर शिजवायचं तीन मजली भांडं विकत घेतलं आणि चोरीचा माल लपवावा तसं पलंगाखाली ढकललं. आठवड्याने बाबांना ते सापडलं. कशाला आणलं, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. भोकं आहेत, हवा चांगली खेळते म्हणून त्यात कांदे भरून ठेवले. एकदा तो कोबी आणि गाजरं घेऊन आला. बाबा खूश झाले आणि त्याचीही त्यांनी भजी तळली. रोज सकाळी पट्टा मागे फिरवून, झडपांतून कसाबसा शिडी चढताना बगळा ठरवायचा की आज बोलायचंच. रोज संध्याकाळी दार उघडलं की बाबा ताट मांडून बसलेले असायचे, आणि तो हात धुऊन मुकाट्याने समोर बसायचा.

जमलं ते एवढंच: डबा वर नेणं त्याने बंद केलं. तो खालीच भोंग्याच्या हाती द्यायचा आणि स्वतः एक सफरचंद खिशात घालून चढायचा. संध्याकाळी रिकामा डबा घरी. बाबा झाकण उघडून बघायचे आणि समाधानाने मान हलवायचे. बगळ्याला त्या वेळी त्यांच्याकडे बघवत नसे.

अर्धी मुदत अशीच गेली. दुपारचं सुटलं तरी रात्रीचं होतंच, आणि दिवसभराच्या भुकेने तो रात्री दुप्पट जेवायचा. काटा जागचा हलला नाही.

मग एका सुट्टीच्या दिवशी भोंगा घरी आला. स्वयंपाकघरातला नळ गळत होता आणि भोंग्याच्या हाताला असली कामं चांगली येत. बाबांनी त्याला बसवून भरपेट खाऊ घातलं. माणूस मनाने साफ, पण तोंडाला कुलूप नाही. खाऊन तृप्त झाल्यावर तो म्हणाला, "काका, तुमच्या हाताला तोड नाही. रोज तुमचा डबा खाऊन खाऊन माझी पँट बसेना झाली बघा."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. बगळा नळाकडे बघत राहिला. बाबांनी भोंग्याच्या ताटात आणखी एक मासा वाढला.

भोंग्याच्या मागे दार लागल्यावर त्यांनी फक्त विचारलं, "कधीपासून?"

बगळ्याने सांगितलं. शिडी, झडप, मॅडम, डॉक्टर, गोदाम, सगळंच सांगून टाकलं. बाबा ऐकत होते की नाही कळत नव्हतं. त्यांनी डबा घासला, पुसला, फळीवर पालथा घातला. कमरेचा टॉवेल काढून खिळ्याला लावला.

दुसऱ्या सकाळी घरात कसलाच वास नव्हता. बाबा खुर्चीत बसले होते, आणि खुर्ची भिंतीकडे होती. इतके महिने ज्याला भ्यालो तेच झालं, असं बगळ्याला वाटलं. दिवसभर केबिनमध्ये त्याचा जीव क्रेनच्या आकड्याला लटकलेल्या ओझ्यापेक्षाही टांगणीला लागला होता. येताना त्याने दुकानातून जेवण बांधून आणलं. बाबांनी पुडा उघडून बघितला, मिटला आणि म्हणाले की भूक नाही. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. पावाला हातसुद्धा लागला नव्हता.

म्हणून तो ओट्यापुढे उभा राहिला. इतके दिवस स्वतः रांधायच्या ज्या हौसेची वाट बघत होता ती आलीच नव्हती. अंग आंबलं होतं, डोळे चुरचुरत होते. म्हाताऱ्याच्या पोटात काहीतरी जायला हवं, एवढंच डोक्यात होतं. कांदे ओतून वाफेचं भांडं रिकामं केलं, गाजर, कोबी आणि माशाचे तुकडे एकदमच आत टाकले. मासा विरघळला, गाजर कच्चं राहिलं. भाताची खाली खरपुडी आणि वर चिखल. ते त्याने दोन ताटांत वाढलं आणि खाली मान घालून बसला.

बाबा उठून आले. सगळं खाल्लं, अगदी कच्चं गाजरसुद्धा, एकेक तुकडा चावून. ताट धुऊन ठेवलं आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

मग रोज हेच. बाबा स्वतः करत नव्हते, विकतचं खात नव्हते आणि बोलतही नव्हते. संध्याकाळ झाली की टेबलाशी येऊन बसायचे, रिकामं ताट पुढे घेऊन. कितीतरी वेळा बगळ्याला वाटलं, आज नको, आज सरळ झोपावं. पण ते ताट दिसायचं आणि तो चुलीकडे वळायचा. केबिनमधून सुटला की स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून सुटला की केबिनमध्ये. दोन्हीकडे चार पावलं टाकली की भिंत. स्वतःसाठी त्याने एक बटाटा उकडला नसता. सुटका नव्हती म्हणून हात शिकत गेले. गाजर आधी आणि मासा शेवटी, हे कळलं. वाफ किती वेळ धरायची, ते कळलं. काही दिवसांनी त्याला स्वतःचं जेवण बरं लागू लागलं. पट्ट्याचं एक भोक आत गेलं, मग आणखी एक.

बाबा मात्र तसेच खात होते. बरं झालं म्हणून नाही, वाईट झालं म्हणून नाही. एके दिवशी त्याच्या हातून चुकून दोनदा मीठ पडलं. त्याला पहिला घास गिळवेना. समोर बाबा शांतपणे अर्धं ताट संपवून बसले होते.

"बाबा, खारट नाही लागत?" त्याने विचारलं.

बाबांचा हात थांबला. 

"लागत असेल," ते म्हणाले. "मला कळत नाही. तुझी आई गेली त्याच्या आसपास जीभ गेली. आधी वाटलं दुःखानं असेल, येईल परत. नाही आली. लोणी भरपूर घातलं, तिखट-मीठ चढवलं, साखर ओतली की कुठेतरी लांबून काहीतरी आल्यासारखं वाटायचं. तेवढ्यावर करत होतो."

"मला सांगायचं नाही का?"

"आचाऱ्याची जीभ गेली हे सांगतात का कोणाला? तुझं ताट बघायचो. ते पुसलेलं दिसलं की समजायचो, जमतंय अजून." त्यांनी घास उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "आणि ते ताट तू मला भिऊन पुसत होतास."

"तुम्ही परत भिंतीकडे तोंड करून बसाल, असं वाटायचं," बगळा म्हणाला.

"मग, बसलोच की."

दोघांनी ते खारट जेवण तसंच ठेवलं. बगळ्याने पावाचे काप आणि उकडलेली अंडी पुढे ठेवली. बाबांनी एक अंडं घेतलं आणि सोलता सोलता सांगितलं की बोटीवर कोणी तापाने पडला तर त्याच्यासाठी ते वेगळं, साधं करायचे. तेही चांगलं येत असे त्यांना, पण त्याला जीभ लागते. लोण्यात काय, कोणीही शिजवेल. हे बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं, असं बगळ्याला वाटलं.

त्यानंतर बाबा भाज्या चिरायला बसू लागले. सुरीचा हात तसाच होता, एकेक काप दुसऱ्याच्या मापाचा. शिजवणं बगळ्याकडे आणि चाखणंही त्याच्याकडेच. बाबा विचारायचे, आंबट झालंय का, कच्चं लागतंय का, आणि तो सांगेल त्यावरून पुढे काय टाकायचं ते सांगायचे. नीट चाखून खरं सांगावं लागे. उगाच छान म्हटलं तर त्यांना लगेच कळायचं. जीभ गेली होती, कान शाबूत होते.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी काट्याकडे दोनदा बघितलं. ठरलं होतं तेवढं उतरलं नव्हतं, पण दम सुधारला होता, रक्तदाब खाली आला होता. मॅडमनी त्याला स्ट्रेचरवर आडवं करून झडपेतून नेऊन बघितलं. दोन्ही दंड घासले, पण गेला. आणखी तीन महिने क्रेन त्याच्याकडे राहील, असं त्यांनी सांगितलं, आणि मग पुन्हा तपासणी. त्यानंतर पुन्हा. जोवर वर चढाल तोवर हे असंच, त्या म्हणाल्या.

भोंग्याने पाठीवर थाप मारून पार्टी मागितली. बगळ्याला आनंद झाला होता, पण मनात त्याने हिशेब केला: म्हणजे आजही, उद्याही, आणि जोवर हात चालतात तोवर रोज. वाटेवरच्या दुकानातून तळणाचा वास येत होता. आज एक दिवस काय होतंय, असं म्हणत तो दारात थांबलासुद्धा. बाबांसाठीही नेता आलं असतं. त्यांनी ते बाजूला सारलं असतं, किंवा चव न कळता मुकाट्याने खाल्लं असतं.

तो घरी आला. बाबांनी खुर्ची टेबलाकडे ओढून घेतली होती आणि त्यांच्यापुढे दुधी चिरून तयार होता. निकाल काय लागला, हे त्यांनी विचारलं. बगळ्याने सांगितलं. ते हं म्हणाले, आणि मग म्हणाले की दुधी जून निघालाय, वेळ लागेल, लवकर चढव.

बूट न काढताच बगळ्याने पाणी उकळायला ठेवलं.