ती बाई बोटीत चढली

दहावीच्या वर्षी मला आयुष्यातलं पहिलं आणि शेवटचं शून्य मिळालं, तेही इंग्रजीत, आणि ते मी मागून घेतलं होतं. आज सात वर्षांनी, शारजातल्या माझ्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहिताना त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते दुबईतल्या करामातल्या शुक्रवारांचं.

आमच्या इमारतीत त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, माझ्यासकट दहावीची पाच मुलं होती. दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी नऊला ती आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर येऊन बसायची आणि आई त्यांना इंग्रजी शिकवायची. माझ्या आईनं, अनुराधानं, पुण्यातल्या एका कॉलेजात दोन वर्षं शिकवलं होतं. इथे आली ती बाबांच्या व्हिसावर, पासपोर्टात 'गृहिणी' असा शिक्का घेऊन. त्याला आठ वर्षं झाली होती. एवढ्या काळात तिला वर्ग मिळाला तो हा, पाच जणांचा, फुकटातला. त्यासाठी बाबांना बेडरूममध्ये हद्दपार व्हावं लागे. अकरा वाजले की दार किलकिलं करून ते विचारत, "यल्ला, चला, झालं का? पोटात कावळे ओरडतायत." आई वळूनही बघत नसे.

अभ्यासाला एक जुनी, जाडजूड इंग्रजी कादंबरी होती. नायिकेचं नाव आमच्यापैकी कुणालाच नीट उच्चारता येत नसे, म्हणून आमच्या घरात ती 'ती बाई' झाली. नवऱ्यामागून ती एका परक्या बंदरात येते, तिथल्या उन्हाला, वाळूला, माणसांना वैतागते आणि चारशे पानं मायदेशाच्या बोटीची वाट बघते. शाळेनं मुंबईहून मागवलेली पुस्तकं अर्धीच आली, म्हणून आमच्या इमारतीच्या वाट्याला एकच प्रत आली होती. ती एकेका घरात आठवडाभर राहायची. तिसऱ्या मजल्यावरच्या निनादनं ती महिनाभर दाबून ठेवली आणि चाळीस पानांपुढे गेला नाही. बाकीचेही त्याच लायकीचे. आमच्याकडे पुस्तक सगळ्यांत शेवटी आलं. आईनं ते उघडलंही नाही. "मला पाठ आहे गं. एम.ए.ला होतं."

त्याच सुमारास आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि आईनं अर्ज केला. ती बाबांच्या व्हिसावर असल्यानं लागणारं कंपनीचं ना-हरकत पत्रही त्यांनी आणून दिलं. "खलास, झालं काम, मिळालीच समज," ते म्हणाले. मुलाखत बुधवारी होती. आईनं सुती साडी आधीच्या बुधवारीच इस्त्री करून ठेवली. भांडी घासताना ती स्वतःशी हजेरी घ्यायची. मी हसले तर म्हणाली, "हस. एकदा वर्गात उभी राहिले की बघ." तिला ही नोकरी किती हवी होती, हे घरातल्या भिंतींनाही माहीत होतं.

मुलाखतीआधीच्या शुक्रवारी शाळेत द्यायचा निबंध होता: त्या बाईचं स्वभावचित्रण आणि कादंबरीचा मुख्य विषय. आमची पद्धत अशी, की आई आधी बोलायची, मुलं उतरवून घ्यायची आणि घरी जाऊन शब्द इकडचे तिकडे करून आपला म्हणून निबंध लिहायची. त्या दिवशी आई रंगात आली होती. शेवटाकडे येताना तिचा आवाज भरून आला. शेवटी बोट येते, ती म्हणाली. ती बाई ट्रंक घेऊन धक्क्यावर जाते, बोटीत चढते आणि मागे वळूनसुद्धा बघत नाही. घराची ओढ, हाच ह्या कादंबरीचा विषय.

"आंटी, शी गोज बॅक? शुअर?" निनादनं विचारलं.

"शुअर. लिही."

मी आदल्याच दिवशी दुपारी पुस्तक संपवलं होतं. ती बाई बोटीत चढत नाही. बोट निघून जाते आणि ती ट्रंक घेऊन परत टेकडी चढते. मी तोंड उघडलं, पण आईचे डोळे भरलेले दिसले. सुट्टीत पुण्याला जायचं नाही असं त्या वर्षी सलग दुसऱ्यांदा ठरलं होतं. म्हटलं, जाऊ दे तिला बोटीतून. एका निबंधानं काय आभाळ कोसळणार आहे? मीही तेच लिहिलं.

कोसळलं सोमवारी. इंग्रजी विभागाच्या प्रमुख अन्वरी मॅडम हैदराबादच्या. त्यांनी आम्हा पाच जणांना स्टाफरूममध्ये उभं केलं. "पाँच बच्चे, एक बिल्डिंग, और पाँचों की हीरोइन जहाज पर चढ गई. हू टॉट यू धिस?"

आईला नेमायचं की नाही, हे ह्याच बाई ठरवणार होत्या. निनाद माझ्याकडे बघायला लागला. तो तोंड उघडणार, एवढ्यात मी म्हटलं, "मी मॅडम. आय मेड इट अप. ह्यांनी माझं कॉपी केलं."

मला शून्य मिळालं, बाकीच्यांना निम्मे मार्क. घरी काही सांगायचं नाही, अशी चौघांना जिन्यात शपथ घातली. मला स्वतःचा इतका अभिमान वाटत होता की काय सांगू!

बुधवारी शाळेतून आले तेव्हा आई सुती साडीतच सोफ्यावर बसली होती.

"काय झालं?"

"छान झाली मुलाखत. शनिवारपासून या, म्हणाल्या अन्वरी मॅडम." तिनं मांडीवरची पर्स बाजूला ठेवली. "मग मी निघताना म्हणाल्या, तुमची अस्मिता हुशार आहे, पण तिला शून्य द्यावं लागलं. का, ते सांगितलं. मी म्हटलं, तो शेवट तिचा नाही, माझा आहे."

"आई!"

"त्यांनी पुस्तक काढून शेवटचं पान पुढे केलं. मी उभ्याउभ्या वाचलं. मग म्हणाल्या, बघू, कळवते."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. तुझे मार्क मात्र देणार आहेत."

मी भडकलेच. "कशाला बोललीस? गप्प बसली असतीस तर?"

"आणि शनिवारी वर्गात उभी राहून तुझ्या वहीवरचं ते शून्य रोज बघितलं असतं?" ती शांतपणे म्हणाली. मग माझ्याकडे रोखून बघत तिनं विचारलं, "तू पुस्तक पूर्ण वाचलं होतंस ना?"

खोटं बोलायचं त्राण आता उरलं नव्हतं. "हो."

"मग शुक्रवारी बोलली का नाहीस?"

"तुझे डोळे भरले होते. मला वाटलं, तुला पुण्याची आठवण येतेय."

आईनं खांद्यावरची पिन काढून टीपॉयवर ठेवली. मग म्हणाली, "टेकडी चढून गेल्यावर ती बाई काय करते, आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. बोट गेल्यावर मी उरलेला मजकूर नुसता चाळला होता.

"धक्क्यावर खेळणारी मुलं गोळा करते आणि त्यांना शिकवायला लागते. शेवटचं अख्खं पान तेवढंच आहे. एम.ए.ला त्या पानावर मी उत्तर लिहिलं होतं गं, अस्मिता. सरांनी वर्गात वाचून दाखवलं होतं. आणि माझ्या लक्षात काय राहिलं, तर बोट."

एवढं बोलून ती रडायला लागली. पदर तोंडाशी नाही, काही नाही, सरळ हुंदके देत. इतकी वर्षं आई रडली की बाबा आणि मी पुण्याला फोन लावून द्यायचो. त्या दुपारीही माझा हात सवयीनं फोनकडे गेला. आईनं तो धरला आणि नाही म्हणून मान हलवली.