ओट्याखालची विहीर

जेसीबी दहाला येणार होता आणि जगदेवराव सहापासून मागच्या अंगणात येरझाऱ्या घालत होते. पत्र्याची शेड, जुनं न्हाणीघर आणि त्याला लागून असलेला कपडे धुण्याचा सिमेंटचा ओटा, एवढं आज पाडायचं होतं. मग तिथे त्यांची मुलगी दीप्ती हिरवळ लावणार होती, झोपाळा टांगणार होती.

"बाबा, चहा निवला," दीप्तीने आतून हाक मारली. "कालपासून धड जेवलाही नाहीत. शेड पाडायचं जिवावर आलंय का?"

"शेडचं काय एवढं," म्हणत ते पुन्हा ओट्यापाशी जाऊन उभे राहिले.

शेडचं खरंच काही नव्हतं. पत्रे गंजून चाळण झाले होते. त्यांचा जीव खात होता तो ओटा. एकतीस वर्षांपूर्वी छाणी या गुजराती गावातलं हे घर घेतलं, तेव्हा त्या जागी विहीर होती. बायकोचा, पद्माबाईंचा, धाकटा भाऊ नवव्या वर्षी विहिरीत बुडून गेलेला. विहीर असलेल्या घरात पाऊल ठेवणार नाही, असं त्यांनी लग्न झाल्या झाल्या सांगून टाकलं होतं. पण घर जगदेवरावांच्या मनात भरलं होतं. रिफायनरीत फिटर होते ते, हाताला कामाची सवय. पद्माबाईंना घर दाखवण्याआधीच त्यांनी विहिरीवर लोखंडी गर्डर टाकून स्लॅब घातला आणि वर ओटा बांधला. विचारलं तेव्हा म्हणाले, जुना शोषखड्डा होता, बुजवला.

इतक्या वर्षांत खालचं लोखंड काय झालं असेल, हे फिटरला कुणी सांगायला नको होतं. रोज उठून ते ठरवायचे, आज सांगू. आणि रोज राहून जायचं.

जेसीबी मागच्या गल्लीतून आत आला. शेड दहा मिनिटांत आडवी झाली, न्हाणीघरही गेलं. पद्माबाई नाकाला पदर लावून मागच्या दारात उभ्या होत्या. यंत्र वळलं. पुढचं चाक ओट्याच्या कडेला आलं आणि जगदेवराव दोन्ही हात वर करून त्याच्यापुढे धावले.

चालक कांतिभाईने कचकन ब्रेक दाबला. "काका, मरवुं छे के शुं?"

"नीचे कूवो छे!" जगदेवराव ओरडले.

एकतीस वर्षं जे मराठीत सांगता आलं नाही, ते गुजरातीत तोंडातून निघून गेलं. त्यांनी वळून पाहिलं. पद्माबाईंच्या नाकावरचा पदर खाली आला होता.

"कुठेय विहीर?"

त्यांनी ओट्याकडे बोट दाखवलं. पद्माबाई आत गेल्या.

दुपारी मजुरांनी स्लॅब हाताने फोडला. गर्डरचे पापुद्रे निघत होते. कांतिभाईने वाकून खालचं काळं पाणी पाहिलं आणि जेसीबी आणखी मागे घेतला.

पद्माबाईंनी नवऱ्याचं ताट वाढून झाकून ठेवलं, पण बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. जगदेवराव घरात टिकेनात, अंगणात टिकेनात. विहिरीवर फळ्या टाकायचे, त्यावर विटा रचायचे, पुन्हा जाऊन हलवून बघायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या बाहेर आल्या आणि चार हात अंतरावर थांबल्या.

"खोल किती?"

"पस्तीस फूट."

"याच ओट्यावर बसून मी दीप्तीला न्हाऊ घातलंय."

जगदेवरावांनी मान खाली घातली. ते म्हणाले, "माझं चुकलं, पद्मा. दोन डंपर माती टाकून बुजवून घेतो."

"नको. कुठे आहे ते मला दिसलं पाहिजे. उघडीही ठेवायची नाही."

त्याच दिवशी जगदेवरावांनी सळ्या आणल्या, वेल्डिंगचं मशीन भाड्याने आणलं आणि जाळी जोडायला घेतली. पद्माबाई मागच्या पायरीवर बसून बघत राहिल्या.

"अहो, फार लांब लांब लावताय," त्या म्हणाल्या. "मूल जाईल त्यातून."

जगदेवरावांनी जोडलेल्या तीन सळ्या कापून काढल्या आणि पुन्हा पहिल्यापासून माप घेतलं.