एका दिवसाची सुट्टी

“आणि ती यमुना,” मुख्याध्यापक अहिरे सर दार लोटून घेत म्हणाले, “तिला सगळ्यात आधी सांगा.”

चैताली पगारे मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. सोमवारी बाहेरचे लोक येऊन सातवीची परीक्षा घेणार होते. वाचन, भागाकार, चार ओळींचं लेखन. गेल्या वर्षी महापालिकेची ही शाळा विभागात तळाला होती. यंदाही तसंच झालं तर सहावी ते आठवीचे वर्ग बंद करून हायवेपलीकडच्या शाळेला जोडायचे, असं वरून तोंडी कळवण्यात आलं होतं.

“सर, वाचता येत नाही म्हणून शाळेतल्या पोरांना शाळेत येऊ नका, असं कोणत्या तोंडानं सांगू?”

“मग वर्ग जाऊ द्यायचे? यातली एक तरी पोरगी हायवे ओलांडून जाईल का? घरीच बसवतील त्यांना.” सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. “एका दिवसाचा तर प्रश्न आहे, मॅडम. एका दिवसानं कोणाचं काय बिघडतंय?”

सर माणूस म्हणून वाईट नव्हते. पाणी आलं नाही की स्वतः टँकरसाठी फोन करत बसायचे. आणि ते म्हणत होते त्यात खोटंही काही नव्हतं.

आसपासच्या कॉलन्यांत ज्यांच्या हातात जरा पैसा खेळू लागला, त्यांची पोरं केव्हाच पिवळ्या बसमधून इंग्लिश मीडियमला गेली होती. चैताली मॅडमचा मुलगा सनीही त्याच बसनं जायचा, आणि ही गोष्ट त्या स्टाफरूममध्ये कधी काढत नसत. मागे उरली होती ती धुणीभांडी करणाऱ्या बायांची पोरं, भंगार वेचणाऱ्यांची, हातगाडीवाल्यांची, आणि बांधकामांवर राबायला पेठ-सुरगाण्याकडून आलेल्यांची. एका इमारतीचा स्लॅब टाकून झाला की दुसऱ्या इमारतीकडे निघून जाणारी. मॅडम स्वतः अशाच शाळेत शिकल्या होत्या. म्हणून तर ही नोकरी त्यांनी हट्टानं धरली होती.

यमुना गावित वर्गात आली तेव्हा तिला धड अक्षरं लागत नव्हती. दिवाळीनंतर मॅडमनी तिला शाळा सुटल्यावर रोज जवळ बसवायला सुरुवात केली. बाकावर शेजारी बसणारी अफरीन तिच्याकडून पाढे घोकून घ्यायची, चुकली की “अरे पगली!” म्हणून डोक्यात टपली मारायची. आता कुठे यमुना बोट ठेवून अख्खी ओळ वाचू लागली होती. परीक्षेला पुरेल इतकं मात्र ते नव्हतं.

शनिवारी मॅडम बांधकामावर गेल्या. पत्र्याच्या खोलीपुढे यमुना भांडी घासत होती. त्यांना पाहताच राखेच्या हातांनी तशीच उठली.

“आई, मॅडम आल्या! आपल्याकडं आल्या!”

कुसाबाई पदर सावरत बाहेर आली. चहाचं आधण चढलं.

“यमुना, सोमवारी तू घरीच थांब हं. मंगळवारी ये.”

“सोमवारी तर परीक्षा हाय ना, मॅडम? मला आता जोडाक्षरं येत्यात.”

“हो गं. पण... एक दिवस आराम कर.”

“एकटी मीच?”

“अजून पण आहेत काही जण.”

यमुनानं ते काही जण कोण असतील ते मनात जुळवून पाहिलं असावं. ती पुन्हा भांड्यांकडे वळली.

“बरं झालं,” कुसाबाई म्हणाली. “सोमवारी द्राक्षाच्या कामाला पिंपळगावला टेम्पो चाललाय. हिला पण नेते. एक दिसाचं तर हाय.”

नको, हा शब्द मॅडमच्या ओठांपर्यंत आला होता. पण मग तिला घरी तरी कशाला थांबवायचं, असं कुसाबाईनं विचारलं असतं. मॅडम चहा पिऊन उठल्या.

सोमवार चांगला गेला. अफरीननं धडा न अडखळता वाचला. पुढच्या आठवड्यात निकाल आला, शाळा तळातून वर आली, वर्ग वाचले. अहिरे सरांनी पेढे वाटले. अफरीननं पेढा घेतला नाही.

“मॅडम, यमुना क्यूँ नहीं आती? मी तिची जागा ठेवलीय.”

मॅडम बांधकामावर गेल्या तर त्या खोलीत दुसरंच बिऱ्हाड होतं. “ते तिकडंच राह्यले, पिंपळगावला,” आतली बाई म्हणाली.

रविवारी मॅडमनी बस पकडली. पिंपळगावात विचारत विचारत त्या एका शेडपाशी पोहोचल्या. दुपार झाली होती. पत्र्याच्या सावलीत बाया रांगेनं द्राक्षांचे घड साफ करत होत्या, आणि त्यांच्यात हातात कात्री घेतलेली यमुना होती. खराब मणी शोधून ती अशी झटपट छाटत होती, जणू वर्षानुवर्षं हेच करत आलीय.

“कुसाबाई, हिला पाठवा. माझ्याकडे राहील. मी शिकवीन तिला.”

कुसाबाईनं घड खाली ठेवला नाही. “कशाला, बाई? तिला जमत नाय म्हणून तुम्हीच तर थांबवली.”

“मी असं म्हणाले नव्हते.”

“म्हणल्या नाय. पण आम्हाला कळतं ना. हितं तिला कोण नको म्हणत नाय.”

मॅडम यमुनाजवळ गेल्या. “यमुना, आपले वर्ग वाचले बघ. चल तू.”

यमुनाची कात्री थांबली. “मी नव्हते म्हणून वाचले ना, मॅडम?”

तिच्या आवाजात राग नव्हता. गणित अडलं की विचारायची तसंच विचारलं होतं.

“ए पोरी, हात चालव!” पलीकडून मुकादम ओरडला.

यमुनानं इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यातला एक रिकामा क्रेट ओढून आणला, उलटा ठेवला आणि ओढणीनं नीट पुसला.

“उभ्या नका राहू, मॅडम. बसा.”

आणि ती कामाला लागली. चैताली मॅडम क्रेटवर बसल्या. सावली सरकली, टेम्पो भरून गेले, बाया बदलल्या. त्यांनाही तिथं कोणी नको म्हणालं नाही.