दिल्ली ते टोरांटो

विमानतळाशेजारच्या बिरसी गावच्या रुक्माबाईंनी डोक्यावरून फिरणारी शिकाऊ वैमानिकांची विमानं रोज पाहिली होती. स्वतः मात्र त्या पहिल्यांदाच विमानात बसल्या, तेही लेकीच्या बाळंतपणासाठी.

"कितीक दूर आहे?" त्यांनी फोनवर विचारलं होतं.

"दिल्लीहून साडेअकरा हजार किलोमीटर," खुशबू म्हणाली. "पंधरा तास बसून राहा लागते, माय."

समोरच्या पडद्यावर इवलंसं विमान नकाशावरून सरकत होतं. रुक्माबाईंना ते जागीच थांबल्यासारखं वाटे. शेजारच्या पंजाबी बाईला त्या पुन्हा पुन्हा विचारत, "पहुँचे क्या?" शेवटी ती बाई झोपून गेली.

टोरांटोला जावई लोकेश घ्यायला आला होता. त्याचे लाल डोळे पाहून रुक्माबाईंनी घाईने विचारलं,

"खुशबू कशी आहे?"

"बरी आहे, मामी. तुम्ही विमानात होत्या, तवाच पोरगी झाली."

त्या सामानाच्या गाडीला धरून उभ्या राहिल्या. इतक्या लांबून येऊनही नेमक्या वेळी आपण लेकीजवळ नव्हतो, याची त्यांना चुटपुट लागली.

"आधी घरी चला, आराम करा," लोकेश म्हणाला.

"नाही. दवाखान्यात चला."

तिथे हात धुऊन त्यांनी नात मांडीवर घेतली.

"तू झोप आता," त्या खुशबूला म्हणाल्या. "मी जागी आहो."